दहापैकी दहा

1967 साली न्यूयॉर्कमधल्या टाउन हॉल या नाट्यगृहात ड्रॅग क्वीन्सची, म्हणजे बाईच्या वेशात नटूनथटून मंचावर उतरणाऱ्यांची, एक सौंदर्यस्पर्धा भरली होती. ठिकठिकाणच्या विजेत्या आलेल्या, परीक्षकांत चित्रकार अँडी वॉरहॉल. मुकुट गेला फिलाडेल्फियाच्या हार्लोकडे. नाजूक, गोरीपान हार्लो. ‘मिस मॅनहॅटन’ म्हणून उतरलेली क्रिस्टल लाबेजा निकाल ऐकून मंचावरून सरळ चालती झाली. पुढची काही मिनिटं ‘द क्वीन’ या 1968 च्या माहितीपटात आहेत. क्रिस्टल रडत नाही. ती आयोजकांचे, परीक्षकांचे, विजेतीच्या मेकअपचे वाभाडे काढते. निकाल आधीच ठरला होता असं सुनावते. मला माझा रंग दाखवायचा हक्क आहे, मी सुंदर आहे आणि ते मला ठाऊक आहे, असं ठणकावते. ती काळी होती, आणि त्या काळात अशा स्पर्धांत काळ्या स्पर्धकांनी चेहरा उजळ करून यावं अशी न बोललेली अट असे.

एवढा संताप आणि इतकी सफाईदार हातवाऱ्यांची भाषा मी एकत्र कधी पाहिली नव्हती. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहत बसायचे आणि घरचे म्हणायचे, ‘हे काम चाललंय का?’ हो, कामच चाललं होतं. पोस्टरचं.

मी पुण्यात ग्राफिक डिझाइन करते. एका नृत्यमहोत्सवाच्या आयोजकांनी त्यांच्या व्होग नृत्याच्या, म्हणजे याच क्वीन्सच्या जगातून आलेल्या, मॉडेलसारख्या पोझ घेत करायच्या नाचाच्या, संध्याकाळीसाठी पोस्टर, प्रवेशपत्रिका, पडद्यावरची अक्षरं असं सगळं माझ्याकडे सोपवलं होतं. सोबत त्यांनी संदर्भचित्रांचा एक गठ्ठा पाठवला: आरसेगोळे, गुलाबी निऑन, चकमक, पापण्यांचे पंखे झालेल्या बायका. खाली एक ओळ, ‘एकदम बिनधास्त आणि कलरफुल हवं, मॅडम.’ असं पोस्टर बनवायला एक दुपार पुरते. माझी अडचण वेगळीच होती. क्रिस्टलचं भांडण पाहिल्यावर मला त्या चकमकीत रस उरला नाही. मला परीक्षकांचं टेबल दिसायला लागलं.

क्रिस्टलने पुढे काय केलं ते ऐका. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत लॉटी नावाची तिची मैत्रीण होती. काळ्या क्वीन्ससाठी आपणच बॉल, म्हणजे नटूनसजून उतरायच्या स्पर्धांची रात्र, भरवू, असं दोघींनी ठरवलं आणि 1972 साली ‘हाऊस ऑफ लाबेजा’च्या नावाने बॉल झाला. हाऊस म्हणजे रक्ताचं नसलेलं, मानलेलं कुटुंब, आणि क्रिस्टल झाली त्या हाऊसची मदर. पुढे एकामागून एक हाऊसेस निघाली. म्हणजे आज आपण ज्याला बॉल संस्कृती म्हणतो तिच्या मुळाशी निकालावरचा वाद आहे. तुमचं परीक्षण खोटं, म्हणून आम्ही आमचे परीक्षक बसवतो, आमच्या कसोट्या आम्ही लिहितो. हे लक्षात आल्यावर बाकी सगळं वेगळं दिसायला लागतं.

तशी या प्रकाराची वंशावळ बरीच मागे जाते. विल्यम डॉर्सी स्वान नावाचा माणूस मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मला आणि 1880 च्या दशकात राजधानी वॉशिंग्टनमध्ये आपल्या मित्रमंडळींना रेशमी झग्यांत नाचायला बोलवायचा. 1888 मध्ये छापा पडला. 1896 मध्ये त्याला कुंटणखाना चालवल्याच्या नावाखाली दहा महिन्यांची शिक्षा झाली. गप्प बसायचं सोडून त्याने राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँडकडे माफीचा अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, पण त्यामुळे तो कागदावर उरला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये हॅमिल्टन लॉज या काळ्या लोकांच्या संस्थेचा मुखवट्यांचा वार्षिक बॉल 1869 पासून चालू होता. 1920-30 च्या दशकांत तो हार्लेमच्या रॉकलंड पॅलेसमध्ये भरायचा तेव्हा हजारो लोक येत, त्यांतले बरेच गोरे, गॅलरीत बसून मजा बघायला. बघणारे वर, नाचणारे खाली.

क्रिस्टलनंतरच्या बॉलमध्ये ही मांडणी मोडली. तिथे प्रेक्षक म्हणून बसलेला माणूस पुढच्या फेरीत स्पर्धक असतो. हॉलच्या मधोमध लांबट मोकळी जागा, दोन्ही बाजूंना आपापल्या हाऊसची टेबलं, आणि टोकाला परीक्षक. रनवे थेट त्यांच्यापाशी संपतो. हार्लेममधल्या इम्पीरियल एल्क्स लॉजमधले बॉल ‘पॅरिस इज बर्निंग’ या 1990 च्या माहितीपटात दिसतात. त्यात हॉल काही भव्य नाही. साधी लाकडी जमीन आणि खूप गर्दी. लग्नाच्या कार्यालयात असतो तसला सपाट, दयामाया नसलेला उजेड. त्या उजेडात चाललेलं काहीही लपत नाही. आयोजकांच्या निऑनमध्ये सगळंच लपलं असतं.

मग मी बॉलची जुनी आणि नवी पत्रकं, म्हणजे फ्लायर, जमवायला लागले. इथे माझ्यातली डिझायनर खऱ्या अर्थाने जागी झाली. दिसायला ही पत्रकं बरेचदा गचाळ असतात, अक्षरांवर अक्षरं, मागे कुणाचातरी फोटो. पण मजकूर वाचा. प्रत्येक कॅटेगरीखाली, म्हणजे स्पर्धेच्या प्रकाराखाली, काय घालून यायचं, कोणत्या रंगात, कुणाची आठवण करून देणारं, कुठली वस्तू हातात, बक्षीस किती, सगळं लिहिलेलं. आमच्या धंद्यात याला ब्रीफ म्हणतात आणि चांगलं ब्रीफ लिहिणारा गिऱ्हाईक मला आजवरच्या कामात फार क्वचित भेटला आहे. ‘काहीतरी फ्रेश करा’ हे आमच्याकडचं ब्रीफ. बॉलच्या पत्रकात फ्रेशबिश काही नसतं. हा रंग, हा काळ, ही चप्पल. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही त्या चौकटीत काय करायचं ते कळतं, आणि ज्याच्याकडे आहेत तो चौकट चुकला तर बाहेर.

बाहेर म्हणजे कसं, तेही सांगते. हल्लीच्या पद्धतीत कॅटेगरी पुकारली की एकेक जण परीक्षकांपुढे येतो. सगळ्यांनी दहा दिले तर पुढे जायचं. एकाने जरी हात आडवा केला तर चॉप. संपलं. कारण विचारायची सोय नसते, कॉमेंटेटर तालात पुढचं नाव घेऊन मोकळा झालेला असतो. दहावाले मग जोडीजोडीने भिडतात आणि परीक्षक बोट दाखवून आपला माणूस निवडतात. ‘फेस’ नावाच्या कॅटेगरीत स्पर्धक चेहरा पुढे करून उभा राहतो, परीक्षक त्वचा बघतात, दात बघतात, कधी पांढऱ्या टिशूने गाल पुसून दाखवायचा, खाली रंग नाही ना. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दाखवण्याचा कार्यक्रम आठवला आणि अंगावर काटा आला. मग नीट पाहिलं. इथे तपासून घ्यायला माणूस स्वतःहून आला आहे, तपासणाराही काल याच जागी उभा होता, आणि नापास झालेला पुढच्या महिन्यात परत येणार आहे, जास्त तयारीने.

इंटरनेटवर बॉलबद्दल जे गोडगोड लिहिलं जातं, तिथे प्रत्येकजण सुंदर असतो वगैरे, ते वाचून मला हसू येतं. कुणी तसं तिथे म्हणत नाही. बॉलमध्ये प्रत्येकाला रांगेत उभं राहायला मिळतं, बस. नंतरची कसोटी निर्दय आहे. आणि त्या निर्दयपणालाच लोक आपलं मानतात, कारण बाहेरच्या जगात त्यांना कुणी नापास करायच्या लायकीचंही समजत नव्हतं. दारातूनच परत पाठवत होते.

‘रिअलनेस’ ही कॅटेगरी मला सगळ्यात उशिरा कळली. कागदावर सोपी वाटते: अमुक माणूस हुबेहूब दिसायचं. शाळकरी मुलगा, सैनिक, बड्या कंपनीतला साहेब. सुटाबुटात, ब्रीफकेस घेऊन एक काळा तरुण चालत येतो आणि परीक्षक बघतात की हा उद्या सकाळी वॉल स्ट्रीटच्या लिफ्टमध्ये शिरला तर कुणी वळून पाहील का. 1980 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये तो त्या लिफ्टमध्ये शिरण्याची शक्यता किती होती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ट्रान्स बायकांसाठी, ज्यांना त्या जगात फेम क्वीन म्हणतात, याचा अर्थ आणखी नेमका होता. रात्री भुयारी रेल्वेने घरी जाताना कुणाला संशय येता कामा नये. परीक्षकांची नजर म्हणजे रस्त्यावरच्या नजरेची रंगीत तालीम. ‘पॅरिस इज बर्निंग’मध्ये आपल्या छोट्या छोट्या इच्छा सांगणारी व्हीनस एक्स्ट्रावागान्झा चित्रीकरण पुरं होण्याआधीच, 1988 च्या डिसेंबरमध्ये, एका हॉटेलच्या खोलीत मारली गेली.

मराठी माणूस इथपर्यंत आला की त्याच्या तोंडी बालगंधर्व येणारच. माझ्याही आले. माझी पणजी म्हणे गंधर्वांची भामिनी पाहून आल्यावर तशी साडी नेसायला लागली होती, आणि अशा कहाण्या महाराष्ट्रात घरोघरी आहेत. पुरुषाने बाईचं रूप इतकं नेटकं घ्यावं की बायकांनी त्याच्याकडून नेसणं शिकावं, हे 1911 च्या ‘मानापमाना’पासून आपण अभिमानाने सांगतो. पण मी ही तुलना प्रोजेक्टच्या टिपणातून खोडून टाकली. नारायणराव राजहंसांना नाटक संपल्यावर शालू उतरवून घरी जाता येत होतं, तेही खांद्यावर शाल आणि मागे चाहत्यांची रांग घेऊन. त्यांच्या बाईपणाला राजेरजवाड्यांचा आश्रय होता. व्हीनसला उतरवून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याकडे खरं नातं शोधायचं तर ते नाट्यगृहापेक्षा हिजडा समाजाच्या घराण्यांत सापडेल. घरातून निघालेलं किंवा काढलेलं पोर, त्याला चेला करून घेणारी गुरू, गुरूची गुरू म्हणून नानी, घराण्याचं नाव, घराण्याच्या रीती. मुंबईत ही व्यवस्था न्यूयॉर्कच्या कुठल्याही हाऊसपेक्षा फार जुनी आहे आणि तिचे व्यवहार, कमाईचे नियम, धाक वेगळे आहेत. दोन्हींना एकाच पोस्टरवर बसवण्याचा मोह आयोजकांना झाला होता. मी नको म्हटलं. चार शब्द बोलेल असा हिजडा समाजाचा एकही माणूस कार्यक्रमात नाही, आणि चित्र मात्र त्यांचं, हे बरं दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या हाऊसचंही घराण्यासारखंच. मदर आणि फादर ही शोभेची पदं नव्हती. कुणी कुठे झोपतंय, जेवलंय का, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, ही कामं मदरची. अँजी एक्स्ट्रावागान्झा मदर झाली तेव्हा स्वतःच अगदी कोवळ्या वयाची होती. 1982 मध्ये सुरू झालेलं तिचं हाऊस मुख्यतः लॅटिनो मुलांचं. मग एड्स आला आणि हाऊसची टेबलं रिकामी व्हायला लागली. 1989 मध्ये रोझलँड बॉलरूममध्ये ‘लव्ह बॉल’ झाला, फॅशन जगतातली माणसं आली, एड्सच्या कामासाठी मोठा निधी जमला. गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेने तर हाऊस ऑफ लेटेक्स नावाचं हाऊसच काढलं आणि लेटेक्स बॉल भरवायला सुरुवात केली, जिथे नाचासोबत निरोध आणि तपासणीची माहिती मिळते. अँजी 1993 मध्ये गेली. विली निंजा, ज्याला व्होगचा गॉडफादर म्हणतात, 2006 मध्ये.

हाऊसच्या नावांची गंमत मात्र सांगायलाच हवी. सेंट लॉरेंट, शनेल, मुग्लर, बालेंसियागा: ज्या दुकानांच्या काचेबाहेर उभं राहायचीही चोरी, त्यांचीच नावं आडनावं म्हणून लावून घेतली. त्याच सुमारास, 1982 पासून, हार्लेमच्या 125 व्या रस्त्यावर डॅपर डॅन नावाचा शिंपी गुच्ची आणि लुई व्हितॉनची चिन्हं स्वतः चामड्यावर छापून अशी जाकिटं शिवत होता जशी त्या कंपन्यांनी स्वप्नातही पाहिली नव्हती. कंपन्यांनी वकील सोडले, 1992 मध्ये दुकान बंद पडलं. 2017 मध्ये गुच्चीच्या रनवेवर त्याच्याच जुन्या जाकिटाची नक्कल अवतरली, बोंबाबोंब झाली आणि मग कंपनीने त्याच्याशी हातमिळवणी केली. कॉपीराइटबद्दल कॉलेजात मला जे शिकवलं गेलं त्यात हा धडा नव्हता.

आणि शिवणकाम! डोरियन कोरी ही जुन्या पिढीतली क्वीन, स्वतःचे आणि इतरांचे पोशाख स्वतः शिवणारी. तिच्या एका केपबद्दल लिहून ठेवलं आहे की ती तीस बाय चाळीस फुटांची होती, पिसांची. ती खांद्यावरून घसरली की मदतनीस आत काठ्या सरकवत आणि केप उभी राहून अर्ध्या हॉलवर छप्पर धरत असे. म्हणजे कपडा अंगावरून उतरल्यावर त्याचं खरं काम सुरू व्हायचं. मी ते वाचून कागदावर त्याची रचना सोडवत बसले. पिसं एवढ्या लांबीला कशावर टाचली असतील, मधे वजन किती येईल, काठी कुठल्या कोनात. ही बाई पैशाने नव्हे तर बेताने जिंकत होती. तशी त्या जगात ‘मॉपिंग’ही होतंच, म्हणजे दुकानातून कपडे उचलणं, आणि त्याबद्दल कुणी फारशी लाज बाळगत नसे.

आता नाच. व्होगच्या जन्माची एक कथा सांगतात. पॅरिस डुप्री नावाची क्वीन फुटस्टेप्स या क्लबात नाचत होती, तिच्या पर्सेत ‘व्होग’ मासिक होतं. तिने ते काढलं, मॉडेल उभी होती ते पान उघडलं, आणि बरोबर तालावर त्या मॉडेलसारखी थबकली. मग दुसरं पान, पुढचा ताल, दुसरी पोझ. कुणीतरी समोरून उत्तर दिलं आणि जुगलबंदी जुंपली. दुसरी कथा रायकर्स आयलंडच्या तुरुंगातल्या कैद्यांपासून सुरुवात करते. दोन्ही खऱ्या असतील. मला पहिली आवडते, कारण ती माझ्या धंद्याची आहे: छापील पानाचं नाचात झालेलं रूपांतर. मासिकाच्या पानाला अदृश्य चौकटींचं जाळं असतं, आम्ही त्याला ग्रिड म्हणतो. ओल्ड वे म्हणतात त्या जुन्या शैलीत ते जाळं अंगात उतरलेलं दिसतं. काटकोन, समांतर हात, कवायतीसारखी शिस्त, इजिप्तच्या भिंतीवरच्या आकृत्यांसारखी बाजूने दिसणारी शरीरं. विली निंजाने त्यात कुंग-फूच्या चित्रपटांपासून जिम्नॅस्टिक्सपर्यंत काय काय मिसळलं, आणि पुढे मॉडेल मुलींना चालायला शिकवलं. मासिकातून उचललेलं मासिकवाल्यांना परत शिकवलं, फी घेऊन!

1990 च्या आसपास न्यू वे आली, त्यात कोन अधिक टोकदार, हात खांद्यातून निखळल्यासारखे मागे जाणारे. मग 1990 च्या दशकाच्या मध्यावर व्होग फेम. तिचे पाच घटक मानतात: हात, कॅटवॉक, उकिडवं बसून चालायचा डकवॉक, जमिनीवरचं काम, आणि गिरक्या घेत मागे पडायची ती डिप. डिपला बाहेरचे लोक भलतंच भडक नाव देतात आणि बॉलवाल्यांना त्याचा राग येतो. एक पाय दुमडलेला, दुसरा ताठ, पाठ कमानीसारखी, आणि पडायचं नेमकं त्या धडाक्यावर. तो धडाकाही ऐकण्यासारखा आहे. मास्टर्स ॲट वर्क या जोडीचा 1991 चा ‘द हा डान्स’ नावाचा तुकडा, त्यात चौथ्या ठोक्याला झांजेसारखं काहीतरी फुटतं, आणि तो ‘हा’ घेतला आहे ‘ट्रेडिंग प्लेसेस’ या 1983 च्या विनोदी चित्रपटातून. आजही जगात कुठेही व्होगचा मुकाबला असो, त्या ठोक्याची नातवंडं तिथे असतात.

मी मुंबईला एका स्टुडिओत कार्यशाळेलाही गेले. पडद्यावर बघून हाताची रेषा काढता येते, वजन कुठे आहे ते कळत नाही. शिकवणारा मुलगा विशीतला, वसईहून लोकलने यायचा, त्या गर्दीत नखं शाबूत ठेवून. डकवॉकमध्ये माझ्या गुडघ्यांनी काय निषेध नोंदवला ते जाऊ दे. हातांच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन थांबला. ‘ताई, हात छान फिरतायत. पण सांगतायत काय?’ मी म्हटलं, अरे, फिरतायत ना. ‘तसं नाही. तुम्ही आरशात बघून मेकअप करताय, की कुणाला दारातून हाकलताय, की पैसे मोजताय? काहीतरी एक ठरवा. नाहीतर हे पंख्यासारखं झालं.’ मी पैसे मोजायचं ठरवलं आणि लगेच बरं जमलं, याचा अर्थ काय घ्यायचा तो घ्या. माझ्या स्केचेसमधून त्या दिवसानंतर नुसते सुंदर हात गेले.

मराठी वाचकापर्यंत व्होग पोहोचला तो बहुतेक मॅडोनाच्या 1990 च्या गाण्यातून. त्यातले होजे आणि लुईस हे दोन नर्तक खरोखर हाऊस ऑफ एक्स्ट्रावागान्झाचे, आणि त्यांनी ते काम ऐटीत केलं. पण त्या गाण्यात हॉलिवूडच्या तारेतारकांची जी नामावळी येते तिच्यात बॉलमधलं एकही नाव नाही. त्याच वर्षीच्या माहितीपटाची गोष्ट आणखी अवघड. ‘पॅरिस इज बर्निंग’ नसता तर मला यातलं निम्मंही कळलं नसतं. दिग्दर्शिका जेनी लिव्हिंगस्टन हिने अनेक वर्षं तिथे घालवली होती. पण चित्रपटाने तिकीटबारीवर सुमारे चाळीस लाख डॉलर कमावल्यावर त्यात बोललेल्या लोकांनी विचारलं, आमचं काय? वकिलांपर्यंत गोष्ट गेली आणि शेवटी सुमारे 55 हजार डॉलर तेरा जणांत वाटले गेले. लेखिका बेल हुक्स यांनी चित्रपटावर कडक टीका केली, की गोऱ्या नजरेसाठी काळ्या माणसांच्या जगण्याचा तमाशा मांडला आहे. मला त्यांचं सगळं पटलं नाही. पण वाचल्यावर मी माझं कोटेशन पुन्हा उघडलं आणि त्यात ‘सल्लागार नर्तक’ अशी ओळ घालून तिच्यापुढे आकडा लिहिला. आयोजक म्हणाले, ‘ते कलाकार आहेत ना, त्यांना प्रसिद्धी मिळतेच की.’ मी म्हटलं, मलाही मिळते, मग माझंही बिल काढून टाकू का? ओळ राहिली.

शिवाय एक फॉर्म होता. कार्यक्रमाच्या शेवटी खुली स्पर्धा, तिचा नावनोंदणीचा फॉर्म मलाच करायचा होता. नाव, वय, लिंग, आणि लिंगापुढे दोन चौकोन. ‘किंवा तिसरा घाला इतर म्हणून,’ असं मला फोनवर मोठ्या उदारपणे सांगण्यात आलं. मार्लन बेली या अभ्यासकाने डेट्रॉइटच्या बॉलविश्वावर 2013 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात तिथली सहा प्रकारांची विभागणी दिली आहे: बुच क्वीन (समलिंगी पुरुष), फेम क्वीन, बुच (ट्रान्स पुरुष किंवा पुरुषी वळणाच्या बायका), बुच क्वीन अप इन ड्रॅग (बाईच्या वेशात उतरणारे समलिंगी पुरुष), बायका, पुरुष. कुठल्या कॅटेगरीत कोण उतरू शकतं ते त्यावरून ठरतं. म्हणजे तिथे हा रकाना जनगणनेसाठी नाही, मुकाबला बरोबरीचा व्हावा म्हणून आहे. वसईवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘इथे आपल्याला याचं काही करायचं आहे का? कुणी कुठल्याही कॅटेगरीत उतरू शकतं ना? मग विचारताच कशाला?’ रकाना गेला. फॉर्म आडव्या कार्डाएवढा झाला. डिझाइनमध्ये काढून टाकण्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

पोस्टरचंही शेवटी तसंच झालं. माणूस नाही, पापण्या नाहीत, आरसेगोळा नाही. पांढऱ्या सपाट उजेडात वरून दिसणारं एक लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, पेन, आणि काठाशी परीक्षकांचे हात, कुणाचे नखं रंगवलेले, कुणाचे नाहीत, कुणाची दहा बोटं पसरलेली. एक हात आडवा. टेबलाच्या पुढे बराच मोकळा कागद सोडला. त्या मोकळ्या जागेत बारीक देवनागरीत कॅटेगऱ्यांची माहिती, फ्लायरवर असते तशी गच्च. आयोजक बराच वेळ बघत राहिले. ‘यात नाच कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघणारा उभा आहे तिथे. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. तारीख जवळ आली होती.

मजकूर मी वसईवाल्याला मोबाइलवर पाठवला. रनवेच्या कॅटेगरीत मी लिहिलं होतं, ‘पांढरा पोशाख, आपल्या कल्पनेप्रमाणे.’ पाचेक मिनिटांत त्याचा फोन. ‘ताई, हे चॉप. कल्पनेप्रमाणे म्हणजे काय? लोक लग्नाला घालतात ते घालून येतील. आणि मग मी कुणाला काय म्हणून बाहेर काढू? लिहिताना कडक लिहायचं, म्हणजे येणाऱ्याला आव्हान वाटतं.’ आम्ही फोनवरच मजकूर नव्याने रचला, तो सांगत गेला, मी कापत गेले. छापलं ते असं:

‘रनवे. पांढऱ्यात या. पांढरा म्हणजे पांढरा. मोतिया नाही, क्रीम नाही, धुवून धुवून पिवळट झालेला नाही. अंगावर एक वस्तू घरातल्या दुसऱ्या कुणाची हवी, आणि ती कुणाची हे परीक्षकांनी विचारलं तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. दागिना नको. चप्पल अशी की आवाज मागच्या रांगेत जाईल.’

छपाईला जाण्याआधी आयोजकांचा फोन आला. प्रायोजकांच्या घरच्या कुणालातरी उतरायचं होतं आणि शिवून घेतलेला ड्रेस तयार होता.

‘मॅडम, मोतिया अगदीच चालणार नाही का?’

‘नाही.’